गेनूबुवांच्या लेखातलं एक वाक्य

गुरुजी, तुमच्या लेखाचं शेवटचं प्रूफ सोमवारी माझ्याकडे आलं. तुम्ही आधीच्या बुधवारी गेलात. छापखान्याला ते ठाऊक नव्हतं. पाकिटावर त्यांनी नेहमीसारखंच लिहिलं होतं, ‘लेखकाला दाखवून परत पाठवणे.’

ते पाकीट मी बरेच दिवस उघडलं नाही. त्याच्या शेजारी बसून दुसऱ्यांचे लेख तपासत राहिले. खरं सांगायचं तर मी दमले आहे. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर वेळ जाईल म्हणून चरित्रकोशाचं हे काम घेतलं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या, लोकांच्या स्मरणात राहिलेल्या माणसांची चरित्रं. वाटलं होतं, वर्षभरात उरकेल. तिसरं वर्ष चालू आहे. माणसं आपापल्या आजोबांची चरित्रं पिशवीत घालून येतात. कुणाचाच आजा कुणाशी भांडलेला नसतो. सगळे पहाटे चारला उठलेले, सगळ्यांनी गावाला पाणी पाजलेलं. मी एखादा शब्द काढला तरी रात्रीपर्यंत फोन येतात. तुमच्याबद्दलही लिहून द्या, असं हा कोश काढणाऱ्या वाचनालयाची मंडळी म्हणाली. जन्म कधी, नोकरी कुठं, पुरस्कार कोणते. ते मी दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगितलंय. मला तुमच्याशी बोलायचंय, आणि बोलायचं राहिलंय ते एका वाक्याबद्दल.

तुम्ही बदली होऊन आमच्या कन्हेरीच्या शाळेत आलात तेव्हा मी चौथीत होते. छडी न वापरणारे तुम्ही पहिलेच गुरुजी. व्याकरण शिकवताना मात्र तुम्ही कुणाला सोडायचा नाहीत. फळ्यावर ‘पाणी सोडले’ असं लिहायचं आणि वर्गाकडे पाठ करून उभं राहायचं. आम्ही काहीतरी बडबडायचो. मग तुम्ही वळून म्हणायचात, “कुणी सोडलं? पाणी काय आपणहून सुटतंय व्हय? कर्ता हुडका.” पुढं मी पंचवीस-तीस वर्षं मराठी शिकवलं, पण खरं व्याकरण तेवढंच शिकले होते. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही विषय बदलला असतात.

तुमच्या गावच्या गेनूबुवांवर तुम्ही लिहाल का, असं मीच विचारलं होतं. गावाचं नाव इथं लिहीत नाही, लेखात आहे. लासुर्ण्याच्या पुढं तुमच्या वेशीवर त्यांची समाधी आहे आणि वर ‘हुतात्मा गेनूबुवा महाराज’ अशी पाटी आहे. दरवर्षी सप्ताह होतो. शेवटच्या दिवशी तुम्ही समाधीला हार घालायचात आणि बुवांवर बोलायचात. तुमच्याहून योग्य माणूस मला दिसत नव्हता.

गोष्ट सगळ्यांना माहीत होती. बुवा साधे कीर्तनकार. घरी थोडी जिराईत जमीन, बायको आणि एक लहान मुलगी. अशाच एका सप्ताहात काल्याच्या कीर्तनात ते म्हणाले, देवाच्या दारात पंगत एकच होईल. नुसतं म्हणून थांबले नाहीत. वेशीबाहेरच्या वस्तीतल्या माणसांना हाताला धरून आणलं, मांडवात पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः वाढायला घेतलं. बुवांना धर्मशाळेमागं नेऊन मारलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. झाडावरून पडले असं गावानं सांगितलं आणि तेच कागदावर आलं. पुढं बऱ्याच वर्षांनी त्याच गावानं त्यांची समाधी बांधली.

तुमचा पहिला खर्डा बावीस पानांचा होता. त्यात बुवांच्या अंगाला अबिराचा वास येत होता, समाधीवर नाग येत होता आणि ज्यांनी मारलं ते ‘परगावचे काही समाजकंटक’ होते. नाग मी काढला. तुम्ही फोनवर म्हणालात, “अगं नाग लोकांनी बघितलाय.” मी म्हटलं, “लोकांनी बुवा झाडावरून पडतानाही बघितले होते, गुरुजी.” तुम्ही हसलात. अबीरही गेला. बावीसाची नऊ पानं झाली. तुम्ही कुरकुरत होतात, पण तुम्हाला मजा येत होती हे मला कळायचं. आठवड्यातून दोनदा फोन. एका स्वल्पविरामावरून आपण अर्धा तास घालवलाय.

मग मी ‘बुवांना मारहाण झाली’ या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहून पान परत पाठवलं. ‘कर्ता?’

त्यानंतर तीन आठवडे तुमचा फोन नाही. मी केला तर उचलला नाही. मला वाटलं, गुरुजींचाच धडा गुरुजींना शिकवला म्हणून राग आला असेल. मनात थोडी खूशही झाले होते. हे आज कबूल करते.

एके दुपारी तुम्ही एसटीनं बारामतीला आलात. एकटेच. पंचाहत्तरीच्या पुढचं वय, बाहेर ऊन, आणि तुम्ही न कळवता दारात. चहा नको म्हणालात. पाणी घेतलंत आणि तांब्या हातातच ठेवलात.

“कुमुद, तू कर्ता इचारलास.”

“हो.”

“चौघं हुतं. त्यातला एक आमचं तात्या.”

तात्या म्हणजे तुमचे वडील. तुम्ही पुढं सांगत गेलात, संथ आवाजात, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. तुम्ही तेव्हा पाळण्यात होतात. आईनं मरायच्या आधी, वीस वर्षांपूर्वी, तुम्हाला एकट्याला जवळ बसवून सांगितलं. “तवापासनं दर सप्त्याला हार घालतोय आन भाषण ठोकतोय,” तुम्ही म्हणालात. “परगावचं समाजकंटक. दरसाल म्हणायचो. जीभ अडखळत बी नव्हती.”

बाकीच्या तिघांची नावं मी विचारली. माझं काम होतं ते. तुम्ही मान हलवलीत.

“दुसऱ्याच्या बापाचं नाव मी का सांगू? माझं मी सांगितलं. चौघं हुतं असं लिही. एकाचं नाव लिही.”

“मग वाचणाऱ्याला एकट्या तात्यांनीच मारलं असं वाटेल.”

“वाटू दे.”

निघताना चपला घालता घालता तुम्ही थांबलात. त्याच वेळी पंगतीचं सांगितलंत. तात्या त्यानंतर कुठल्याच पंगतीला बसले नाहीत. सप्ताहात नाही, कुणाच्या लग्नात नाही. “माझ्या लगनात बी मांडवाच्या मागं हुभं ऱ्हाऊन घरची भाकरी खाल्ली त्यांनी. गाव म्हणायचं, म्हातारा सोवळ्याचा हाय. मला बी तसंच वाटायचं. आईनं सांगितल्यावर कळलं.” मग म्हणालात, “तेवढं बी घाल.”

आठ दिवसांनी दुरुस्त केलेली पानं आली. ‘त्यांना मारणाऱ्या चौघांपैकी एक प्रस्तुत लेखकाचे वडील होते,’ आणि पुढं तात्यांचं पूर्ण नाव. अक्षर एकदम सरळ, खाडाखोड नाही. ते वाक्य वाचून मी उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. या कामात माझ्याकडे शेकडो पानं आली असतील. स्वतःच्या घराबद्दल असं एक वाक्य कुणी आणलं नव्हतं. हेही तुम्हाला फोन करून सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी पुढचं वाक्य कापलं. ‘ते त्यानंतर आयुष्यात कधीही पंगतीला बसले नाहीत.’

त्यावरून आपण जे भांडलो, तसं कधी भांडलो नव्हतो. माझं म्हणणं सरळ होतं. बुवांची बायको पोरीला काखेत घेऊन गाव सोडून गेली, तिला तुमच्या लेखात एक ओळ. आणि मारणाऱ्याच्या जेवणालाही एक ओळ? मारणाऱ्याचं दुःख या लेखात कशाला? वाचणारा तिथंच विरघळेल आणि बुवांना विसरून जाईल.

“तू म्हणतीस ते खरं हाय,” तुम्ही म्हणायचात. जरा थांबून, “पर ते बी खरं हाय.”

तुम्ही ते वाक्य निरनिराळ्या रीतींनी पुन्हा आत घालून पाठवायचात. कधी कंसात, कधी तळटीप म्हणून. मी काढायची. शेवटच्या फोनच्या दिवशी सकाळपासून चार जणांशी त्यांच्या आजोबांवरून वाद घालून झाले होते. तुमचा फोन आला आणि मी म्हटलं, “गुरुजी, हा लेख गेनूबुवांचा आहे. तात्यांचा नाही. आणि तुमचाही नाही.”

“बरं,” तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात.

चार दिवसांनी दिलीपचा फोन आला. तुमच्या मुलाचा नंबर माझ्याकडे नव्हता, म्हणून मी “कोण?” असं विचारलं. गोठ्यातून घरात येताना तुम्ही उंबऱ्यावर बसलात आणि उठला नाहीत, एवढंच त्यानं सांगितलं.

मी मातीला आले होते. सगळा गाव होता. स्मशानात एक जण बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, गुरुजींनी हुतात्मा गेनूबुवांचं चरित्र पुरं केलं आणि मगच डोळे मिटले. लोकांनी माना हलवल्या. त्यात काय लिहिलंय हे तिथं फक्त दिलीपला आणि मला ठाऊक होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

तेराव्यानंतर दिलीप बारामतीला आला. केस कापलेले, डोक्यावर टोपी. तुम्ही बसला होता त्याच खुर्चीत बसला. भला माणूस आहे तुमचा मुलगा. आल्या आल्या म्हणाला, “ताई, भांडाय आलो न्हाय.” मग म्हणाला, “पर आज्याचं नाव काढा. वडील गेलं. गावात आमाला ऱ्हायचंय. आमच्यासंगट ऊस घालणारी तीच घरं हायती. त्यातल्या तिघांच्या घरचं कुणी बोललं न्हाय, आन आमीच का म्हणून?”

मी त्याला सांगितलं, नाव मी घातलेलं नाही. वडिलांनी घातलंय, आणि लेखाखाली सही त्यांची आहे. त्यांचं वाक्य काढायचा अधिकार मला नाही. हे बोलताना माझा आवाज जरा अडखळला. कारण तुमचं दुसरं वाक्य काढायचा अधिकार मी चांगलाच गाजवला होता.

त्यानं पिशवीतून तुमची फाईल काढून दिली. “शेवटचं चार दिवस हेच घिऊन बसलं हुतं. जेवायला बोलावलं तरी उठायचं न्हाईत.” तो गेल्यावर मी ती उघडली. वर लेखाची पक्की प्रत होती. पंगतीचं वाक्य तुम्ही परत लिहिलं होतं आणि मग स्वतःच्या हातानं खोडलं होतं. एकच सरळ आडवी रेघ. समासात बारीक अक्षरात, ‘कुमुदचे म्हणणे मान्य.’

गुरुजी, वाद जिंकल्यावर माणसाला असं वाटू नये. मी इतक्या लोकांची इतकी वाक्यं कापली, एकानंही असं निमूट ऐकलं नव्हतं. तुम्ही भांडत राहिला असतात तर मी सुखानं माझ्या म्हणण्याला चिकटून राहिले असते. तुम्ही माघार घेतलीत आणि ते वाक्य माझ्या गळ्यात आलं. आता ठेवू म्हटलं तर माझंच तत्त्व मोडतं. काढू म्हटलं तर तुमचं शेवटचं मागणं जातं. तुम्हाला विचारायची सोय नव्हती.

फाईलच्या तळाशी एक चिठ्ठी होती. ‘सोनाबाई, गेनूबुवांची मुलगी’ आणि खाली पळसदेवजवळच्या एका वस्तीचा पत्ता. तारीख कितीतरी जुनी. म्हणजे तुम्ही तिचा शोध घेतला होतात. आणि गेला नव्हतात. वीस वर्षांत इंदापूरला कितीदा गेला असाल. तिथून पुढं अर्ध्या तासाची वाट.

मी गेले. धरणाच्या पाण्याच्या काठानं रस्ता जातो. वस्तीवर पेरूची बाग आहे, जावयाची. सोनाबाई शेडमध्ये बसून पेरू निवडून क्रेटात भरत होत्या. ऐंशीला टेकल्यात, पण हात भराभर चालतात. मी कोण, कशासाठी आले, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, हात थांबले नाहीत. मग मी फाईलमधला लेख वाचून दाखवला. सगळा, पहिल्यापासून. तात्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

“ह्ये छापणार?”

“हो मावशी. त्यांच्या मुलानंच लिहिलंय.”

“छापा,” त्या म्हणाल्या. “चौघांची बी नावं आयला म्हाईत हुती. तिनं कधी तोंडातनं काढली न्हाईत. मला म्हणायची, तुझ्या बाला घरी आणला तवा त्यानं पैलं काय इचारलं, तर माणसं जेवली का.”

“जेवली होती का?”

“कुठली. भरल्या पत्रावळी सोडून उठवलं समद्यांना.”

गुरुजी, तुमच्या बावीस पानांतही हे नव्हतं. नाग होता, हे नव्हतं.

मग मी तुम्ही खोडलेलं वाक्य वाचलं. हे आता लेखात नाही, पण ठेवू की नको ते तुम्ही सांगा, असं म्हटलं. सोनाबाईंनी हातातला पेरू क्रेटात ठेवला आणि पदरानं हात पुसले. मला वाटलं रागावतील, किंवा डोळ्यांत पाणी येईल. दोन्ही झालं नाही. एखाद्या पोरीचं काम चुकल्यावर समजावून सांगावं तशा बोलल्या.

“बसला न्हाय म्हंजी काय उपकार केलं का? बसायला पायजे हुतं त्यानं. आमच्या मांडीला मांडी लावून बसायला पायजे हुतं. त्यासाठनंच तर माझा बा गेला न्हवं?”

आपण दोघं महिनोन्‌महिने भांडलो, तुम्ही तात्यांच्या बाजूनं, मी बुवांच्या. हे ना तुम्हाला सुचलं, ना मला. तात्यांचं न जेवणं ही त्यांची शिक्षा, असं तुम्ही धरून चालला होतात आणि मीही. ज्याच्यासाठी ते पंगतीबाहेर उभे राहिले, त्याला ते नकोच होतं.

त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाजरीची भाकरी, हरभऱ्याची आमटी, कच्चा कांदा. वाढता वाढता म्हणाल्या, “त्या गुरुजीला का न्हाय आणलंस संगट?”

मी सांगितलं, ते गेले. तीन आठवडे झाले.

त्यांनी हातातली पळी माझ्या वाटीत रिकामी केली. मग विचारलं, “लेकरं हायती?”

“एक मुलगा आहे.”

“मग त्याला धाड. जेवाय ये म्हणावं. बोलायबिलायचं काय न्हाय. जेवून जा म्हणावं.”

परत येताना गाडीत बसून मी सोबत घेतलेलं प्रूफचं पाकीट उघडलं आणि दुरुस्त्या तिथंच केल्या. अक्षर वेडंवाकडं आलंय. ‘माणसं जेवली का’ हा प्रश्न बुवांच्या मृत्यूच्या परिच्छेदात घातला. तात्यांचं नाव जसंच्या तसं आहे. त्यापुढं तुमचं वाक्य परत घेतलंय आणि त्याला जोडून एक नवीन. ‘ते त्यानंतर आयुष्यात कधीही पंगतीला बसले नाहीत. त्यांनी बसायला हवे होते, असे बुवांच्या कन्या सोनाबाई यांचे म्हणणे आहे.’ तुमचं खोडलेलं मी परत घेतलं, तुम्हाला न विचारता. राग आला असेल तर येऊ द्या. प्रूफ दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेलं.

दिलीपला फोन करून सगळं सांगितलं. नाव राहिलंय हेही, सोनाबाईंनी जेवायला बोलावलंय हेही. “बरं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. अगदी तुमच्यासारखा. मी हात जोडले त्या घराला आणि उरलेली चरित्रं तपासायला बसले. आता त्याच्याकडून काही येणार नाही असंच धरून चालले होते. खरंतर मला वाईट वाटायचीही ताकद उरली नव्हती.

काल दुपारी त्याचा फोन आला. वस्तीचा रस्ता विचारत होता. गाडी कुठपर्यंत जाते, घरी कोण कोण असतं, सकाळी जावं की दुपारी. मी सांगत गेले. शेवटी त्यानं विचारलं.

“ताई, संगट काय नेऊ? लुगडं न्यावं का? काय नेलं तर बरं दिसंल?”

“काही नेऊ नकोस,” मी म्हटलं. “फक्त घरून जेवून निघू नकोस.”